न विचारता केलेलं भलं

भिवंडीच्या नारपोलीत हिरामण भोईर कुठे राहतात असं विचारलंत तर लोक डोकं खाजवतील. हिरामण मुकादम म्हणालात की शेंबडं पोरसुद्धा दारापर्यंत सोडायला येईल, आणि जाता जाता सांगेल, "ओरडतील, पण घाबरू नका." वय छप्पन्न, मिशी ओठ झाकून खाली उतरलेली, आवाज असा की त्यांनी आपल्या कारखान्यात दम भरला की शेजारच्या कारखान्यातला कामगार आपली चूक दुरुस्त करतो. केसरीनाथ शेठच्या अठ्ठेचाळीस लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, कारखान्यात ते सव्वीस वर्षं मुकादम आहेत. मुकादम म्हणजे कामगारांच्या शिफ्ट लावणारा, कापडाचे तागे वेळेवर काढून घेणारा, आणि मालक नि कामगार यांच्या मधोमध उभं राहून दोन्हीकडचं ऐकून घेणारा माणूस. शेठ आता थकले, कारभार त्यांचा मुलगा प्रितेश बघतो. त्याला हिरामणनी रांगताना पाहिलेलं, त्यामुळे चारचौघांत ते त्याला 'शेठ' म्हणतात आणि एकटा सापडला की नुसतं 'प्रितेश'.

मुकादम आणि मायाळू हे दोन शब्द भिवंडीत सहसा एका वाक्यात येत नाहीत. हिरामणच्या बाबतीत येतात, आणि ते खरंच आहे. कामगाराचा चेहरा उतरलेला दिसला की यांच्या घशाखाली घास उतरत नाही. कुणाच्या पोराचा शाळेचा फॉर्म भरायचा असो, कुणाच्या आईला दवाखान्यात न्यायचं असो, मुकादम शिव्या देत देत का होईना, हजर. खोड एकच. भलं करायचं ते विचारून करायचं नाही. "विचारलं का माणूस लाजतो. 'काय न्हाय, बरं हाय' बोलतो नि गप बसतो. म्हनून विचारायचंच न्हाय, करून टाकायचं!" हे त्यांचं शास्त्र. माणसाचं तोंड बघूनच आपल्याला सगळं कळतं, असा त्यांचा पक्का समज होता.

या शास्त्राचा पहिला फटका भावेशला बसला होता. भावेश रात्रपाळीला. त्याचं लग्न झालं तेव्हा मुकादमांना वाटलं, नवी नवरी घरात आणि हा बापडा रात्रभर लूमसमोर उभा, हे काही खरं नाही. त्यांनी दुसऱ्याच दिवशी त्याला दिवसपाळी लावून दिली आणि वर खांद्यावर थाप मारली. आठवडाभरात भावेशचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं. शेवटी कुणीतरी फोड करून सांगितलं, की कामतघरच्या त्या एका खोलीत भावेशचे आईवडील, दोन भाऊ आणि एक वहिनी असा सारा बारदाना होता. दिवसा सगळे कामाला जायचे तेव्हा कुठे त्या दोघांना खोली मोकळी मिळायची. मुकादमांनी तीच काढून घेतली होती! सगळा कारखाना आठवडाभर हसत होता. हिरामणही हसले, भावेशला परत रात्रपाळी दिली, आणि त्यातून जे शिकायचं ते न शिकता विसरून गेले.

देवूच्या बाबतीत मात्र हसण्यावारी नेण्यासारखं काही नव्हतं.

देवू डोंगराकडच्या आदिवासी पाड्यावरचा. पोटासाठी पंचवीस वर्षांपूर्वी खाली उतरला, कारखान्यात झाडलोट करता करता लूम शिकला, आणि आज आठ लूम एकटा सांभाळायचा. अंगानं वाळकी काठी, बोलणं जवळजवळ नाहीच, पण त्याच्या ताग्यात डाग शोधायला गेलेला माणूस हात हलवत परत यायचा. बायको तानी मजुरीला जायची. मुलगी भाग्यश्री त्या पाड्यातली बारावी झालेली पहिली मुलगी, ती आता नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती आणि तिचं वर्ष पुरं होणं देवूच्या पगारावर अवलंबून होतं.

लूमचा कारखाना ज्यानं आतून पाहिला नाही त्याला एक गोष्ट सांगायला हवी. आत बोलता येत नाही. अठ्ठेचाळीस लूमचे धोटे एकाच वेळी इकडून तिकडे आपटत असतात, तिथे कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी निम्मं हवेत जातं. म्हणून आतल्या माणसांची भाषा हातांची. दोन बोटं कात्रीसारखी हलवली की धागा तुटला. मूठ ओठाशी नेली की चहा. मिशीला पीळ दिला की मुकादम येतोय. पोटावर हातानं मोठा गोल काढला की मालक; हे केसरीनाथ शेठच्या काळातलं. प्रितेश बारीक आहे, जिमला जातो, तरी तो आत पाऊल टाकतो तेव्हा त्याच्या नावानं अजून तेच पोट निघतं आणि त्याला बिचाऱ्याला ठाऊक नाही.

यंदा दिवाळीनंतर देवूला खोकला लागला. बारा बारा तास उभं राहून गुडघेही कुरकुरत होते. हिरामण ते रोज बघत होते आणि आतल्या आत झुरत होते. तेवढ्यात प्रितेशनं मानकोलीला कापडाचं गोदाम घेतलं. तिथे गेटवर एक भरवशाचा माणूस हवा होता, गाडी आली की गेट उघडायचं, तागे मोजून आत घ्यायचे, ऑफिसचा फोन आला की सांगायचं किती आले, किती गेले. आठ तास, पगार तोच, वर पंखा आणि बसायला खुर्ची. हिरामणना जणू देवानंच इशारा केला. प्रितेशला तरुण, शिकलेला पोरगा हवा होता. हिरामण त्याच्याशी चार दिवस भांडले, "पंचवीस वर्सं उभा हाय तो. एकदा बसू दे त्याला," म्हणाले आणि ती खुर्ची देवूसाठी ओढून आणली.

मग शिफ्ट संपताना लूम बंद करवून, पेढे वाटून, सगळ्यांसमोर त्यांनी ते जाहीर केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. देवू टाळ्या वाजवणाऱ्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. भावेशनं त्याला बाजूला घेऊन हातवारे करून पुन्हा सगळं सांगितलं, तेव्हा कुठे त्यानं हात जोडले. मुकादमांना वाटलं, गहिवरला.

दुसऱ्या दिवशी लूम सुरू व्हायच्या आधी देवू त्यांच्यासमोर उभा राहिला. "मला लूमवरच र्‍हाऊ द्या, मुकादम."

"गप रे! लाजतोस कशाला? तुझा हक हाय तो," हिरामण म्हणाले आणि पुढच्या लूमकडे गेले.

त्याच संध्याकाळी तानी त्यांच्या घरी आली. फडक्यात बांधून वालाच्या शेंगा आणलेल्या. ओट्याच्या कडेला टेकली आणि म्हणाली, "मुकादम, त्यांचा एक इचार..." एवढंच. पुढचा अर्धा तास हिरामणच बोलले. खुर्ची, पंखा, आठ तास, गुडघे, खोकला, सगळं त्यांनी तिला समजावून सांगितलं. तानी मान हलवत राहिली आणि चहा पिऊन निघून गेली.

गोदूबाई, म्हणजे मुकादमांची बायको, शेंगा निवडता निवडता म्हणाली, "ती काय सांगाला आलेली, ते तुमी तिला सांगूच दिलं न्हाय."

"आभार मानाला आलेली ती."

"आभार मानाला आलेली बाई अशी बसते?" गोदूबाई म्हणाली. मुकादमांनी टीव्ही लावला.

देवू मानकोलीला गेला आणि पंधरा दिवसांत तक्रारींची माळ लागली. ऑफिसचा फोन उचलत नाही. गाड्या बाहेर हॉर्न मारत उभ्या राहतात. एका ड्रायव्हरनं तर प्रितेशला थेट फोन केला, "सेठ, आपका आदमी सामने खड़ा देखता है, गेट नहीं खोलता!" नंतर नंतर देवू खुर्चीवर बसायचाच बंद झाला. दिवसभर गेटबाहेर रस्त्याच्या कडेला उभा राहून मानकोली नाक्याच्या दिशेनं टक लावायचा. हे ऐकून हिरामणच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या खुर्चीसाठी आपण मालकाशी भांडलो, तिच्यावर हा बसत नाही! नाकापेक्षा मोती जड झाला काय याला?

आणि मग गुरुवारी प्रितेशचा फोन आला. गोदामाच्या आवारात एक कंटेनर मागे येत होता. ड्रायव्हर हॉर्न मारतोय, हमाल बोंबलतायत, आणि देवू पाठमोरा उभा राहून शांतपणे तागे मोजतोय. एका हमालानं झेप घेऊन त्याला ओढला म्हणून वाचला. "काका, मी तुमचं ऐकलं ती चूक झाली. उद्या माणूस मेला तर मी काय करू? शनिवारपर्यंत ठेवतो. सोमवारपासून दुसरा माणूस बघतो." आणि लूमवर परत? "तिथे त्याच्या आठ लूमवर दुसरा लागला ना, काका. आता जागा नाही."

शुक्रवारी कारखाना बंद असतो. हिरामण रात्रभर नीट झोपले नव्हते. सकाळी रिक्षा करून मानकोलीला गेले ते देवूला फाडून खायच्या तयारीनंच. अजून गाड्यांची वेळ झाली नव्हती. गोदामात इतकी शांतता होती की छपरावरचं कबूतर चाललेलं ऐकू येत होतं. देवू आत, पाठमोरा, ताग्यांवरची धूळ झटकत होता.

"देवू!" हिरामणनी हाक मारली. शेजारच्या गोदामातला वॉचमन दचकून बाहेर आला. देवू धूळ झटकत राहिला.

"ए देवू!"

काही नाही. हिरामण रागानं दोन पावलं पुढे गेले. दारातून येणाऱ्या उजेडात त्यांची सावली ताग्यांवर पडली आणि देवू झटकन वळला. मुकादमांना बघून त्याचा चेहरा उजळला आणि त्यानं मूठ ओठाशी नेली. चहा?

हिरामणचा हात आपोआप वर गेला. सव्वीस वर्षांची सवय. त्यांनी पंजा हलवला, नको. आणि तो हात तसाच राहिला. इथे तर एक लूम नाही. टाचणी पडली तर ऐकू यावी अशी ही जागा, आणि हा माणूस माझ्याशी हातांनी का बोलतोय?

सगळं एकदम त्यांच्या लक्षात आलं. पेढ्यांच्या दिवशी लोकांच्या तोंडाकडे बघणारा देवू. रस्त्यावर उभा राहून टक लावणारा देवू. हॉर्न ऐकू येत नाही, मग गाडी डोळ्यांनी हेरल्याशिवाय करतो काय तो? ओट्याच्या कडेला टेकलेली तानी. ज्या खुर्चीवर देवू बसत नव्हता, तिच्यावर मुकादमच जाऊन बसले.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं. देवूनं त्यांच्या तोंडाकडे निरखून पाहिलं, मग कळलं नाही अशी मान हलवली. हिरामणनी पुन्हा विचारलं, या वेळी हातांनी. कानावर बोट, मग बोटं उघडून प्रश्न.

"आठ-नऊ वर्सं झाली," देवू म्हणाला. फार मोठ्यानं म्हणाला. शांत जागेत आवाज केवढा ठेवायचा याचा अंदाजच त्याला राहिला नव्हता. "आधी बारीक आवाज गेलं. पाखरू, घड्याळ. मंग भाग्यश्रीचा आवाज गेला. आता कायच न्हाय."

"अरे, मग मला सांगितलं का न्हाय?"

देवू पुन्हा त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला आणि ओशाळून हसला. "तुमची मिशी मधी येते, मुकादम. तुमचं मला निम्मंच कळतं."

ज्या माणसावर आपण इतकी वर्षं आपला जीव आणि आपला आवाज खर्च केला, त्याला आपलं निम्मंच पोचत होतं. हिरामणना हसावं की रडावं कळेना. त्यांनी मिशीवर पंजा ठेवला, जणू तीच गुन्हेगार होती.

देवू मात्र आता मोकळा झाला होता. "कारखान्यात बरं होतं. तिथं कुनालाच कायच ऐकू येत न्हाय. तिथं मी सगल्यांसारकाच. लूम बिघडला का मला हाताला कळतो, त्याच्यावर पंजा ठेवला का बास. हितं..." त्यानं त्या स्वच्छ, प्रशस्त, पंख्याखालच्या शांततेकडे हात केला, "हितं मी बहिरा."

हिरामणना वाटलं, आत्ताच्या आत्ता प्रितेशकडे जावं, त्याला खडसावावं, सगळं सांगून टाकावं. ते उठलेसुद्धा. मग थांबले. आपण परत तेच करायला निघालो आहोत, हे त्यांना आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर कळलं. मिशी दोन बोटांनी वर धरून, ओठ दिसतील असे ते सावकाश म्हणाले, "देवू, तुला काय पायजे? मी शेठला सांगू का? का नको सांगू?"

सांगितलं तर बहिऱ्याला कोण ठेवणार, ही भीती देवूनं नऊ वर्षं उराशी धरली होती. तानीनं ही गोष्ट पाड्यावरही फुटू दिली नव्हती. न सांगितलं तरी सोमवारी नोकरी जातच होती.

"सांगा," तो शेवटी म्हणाला. "पन मी समोर असताना सांगा. आनि मला लूमवर जायचंय. पगार कमी केला तरी चालंल."

रविवारी हिरामणनी मिशी उतरवली. गोदूबाईनं कपाळावर हात मारून घेतला; तिला कारण कळलं तेव्हा तिनं जेवताना त्यांच्या ताटात आग्रहानं दुसरा मासा वाढला.

सोमवारी सकाळी प्रितेशच्या केबिनमध्ये दोघं उभे राहिले. प्रितेश लॅपटॉपमध्ये बघतच म्हणाला, "काका, विषय संपलाय ना?"

"शेठ, इकडं बघून बोला. त्याला ओठ दिसाय पायजेत."

प्रितेशनं मान वर केली. आधी त्याला मिशी नसलेले मुकादम दिसले आणि मग पुढचं ऐकताना तो हळूहळू खुर्चीत मागे सरकला. हिरामणनी काही लपवलं नाही. देवूला विचारल्याशिवाय हलवला ही चूक माझी, त्याची बायको सांगायला आली तिला बोलू दिलं नाही ही चूकही माझी, कंटेनरखाली तो गेला असता तर ते पाप माझ्या डोक्यावर. घरातल्या मोठ्या माणसाच्या तोंडून कबुली ऐकायची प्रितेशला सवय नव्हती, तो गोंधळला.

"पण काका, बहिरा माणूस मशीनवर? उलट जास्त धोका नाही का?"

"धोका कुठं झाला? जिथं कानाचं काम होतं तिथं. लूमवर नऊ वर्सं तो असाच उभा हाय. नऊ वर्सांत त्याचा एक तागा परत आला असंल तर दाखव, मी त्याच्याबरोबर घरी जातो." 'शेठ' म्हणायचं राहून गेलं हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

प्रितेश उठून देवूच्या समोर आला. मग त्यानं सावकाश, एकेक शब्द सुटा करून विचारलं, "तुम्हाला भीती नाही वाटत?"

"मानकोलीला वाटायची," देवू म्हणाला.

ठरलं ते असं. देवूनं आपल्या आठ लूमवर परत यायचं, तिथे लागलेल्या नव्या माणसानं मानकोली सांभाळायची. त्याला खुर्ची मिळाली म्हणून तो खूश. देवूला कानाच्या डॉक्टरकडे न्यायचं, खर्च कारखान्याचा. त्याच्या रांगेत भिंतीवर एक लाल दिवा लावायचा, काही गडबड झाली की तो पेटेल. दिव्याची कल्पना प्रितेशची. जाता जाता तो हळूच म्हणाला, "काका, दिवा सगळ्याच रांगांत लावूया का?" हिरामणनी त्याच्या पाठीवर थोपटलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

बुधवारी दुपारी वीज गेली. अठ्ठेचाळीस लूम एकदम थांबले आणि कारखान्यात ती कानात दडे बसवणारी शांतता पसरली. एरवी वीज गेली की सगळे चहाच्या टपरीवर पळतात. त्या दिवशी काही जण जागचे हलले नाहीत. बाबू नावाचा तिशीतला कारागीर देवूकडे बघत होता. देवूनं मान हलवली तसा तो मुकादमांच्या टेबलापाशी आला. त्याच्यामागे आणखी पाच जण.

"मुकादम," बाबू म्हणाला, "मला डाव्या कानानं न्हाय येत. उजव्यानं थोडं थोडं."

हिरामण एकेकाच्या चेहऱ्याकडे बघत गेले. या प्रत्येकाच्या घरचं सुखदुःख आपल्याला ठाऊक आहे असं ते छातीठोक सांगत आले होते. यांची पोरं कुठल्या शाळेत जातात ते त्यांना माहीत होतं, बायकांची माहेरं माहीत होती. आणि सहा माणसं त्यांच्या डोळ्यांदेखत, त्यांच्याच पाळीत, एकेक आवाज गमावत होती.

"इतकी वर्सं बोलला न्हाईत रे..." मुकादम म्हणाले.

"देवूला तुमी विचारलं," बाबू म्हणाला. "त्यानंच सांगितलं आमाला. आमाला वाटलं, आता आमाला पन विचाराल."

हिरामणनी डोळे पुसले. खिशातून फोन काढला, प्रितेशचा नंबर लावायला बोट नेलं आणि थांबले. "शेठला सांगू? ज्याचं नको असंल त्यानं आत्ताच बोला."

पाच जणांनी माना डोलावल्या. बाबू खाली बघत होता. "माझं नको, मुकादम. लगीन ठरतंय. पोरीकडं कळलं तं मोडंल."

मुलीच्या बापाला मी भेटतो, मी समजावतो, बघू कोण मोडतो लग्न, असं सगळं हिरामणच्या ओठांपर्यंत आलं. मिशी नव्हती, त्यामुळे ते बाबूला दिसलंसुद्धा असेल. त्यांनी ते गिळलं.

"बरं," ते म्हणाले. "तुला वाटंल तेव्हा ये."

मग त्यांनी प्रितेशला फोन लावला आणि पाच नावं सांगितली.